छत्तीस मिनिटांचं पान

४ जानेवारी

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. फोन न करता पत्र लिहिते आहे, याला कारण आहे. फोनवर तुम्ही "ठीक आहे वहिनी" म्हणून मोकळे होता. पाण्याखालून दोरीला एक झटका दिला की वरच्याने समजायचं, 'मी ठीक'. चार दिले तर 'वर ओढा'. धरणावरची तुम्हा भावांची ही भाषा तुमच्या दादांनी मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकवली होती. नऊ वर्षं तुम्ही मला फोनवर एकच झटका देत आलात. कागदावर तसं चालत नाही. चार ओळी तरी भराव्या लागतात.

तुमच्या खुब्याचं मला घड्याळकाकांकडून कळलं. त्यांना कुणाकडून, तर तुमच्या दुकानातून पंप दुरुस्त करून आणलेल्या गिऱ्हाइकाकडून. म्हणजे तुमच्या पंपांच्या गिऱ्हाइकांना माहीत आणि सख्ख्या वहिनीला नाही! काका म्हणाले, "धाकटा लंगडतोय, हाड मेलंय म्हणे, डॉक्टर त्यात काही पेरणार आहेत." त्या वाक्यातलं मला काहीही समजलं नाही. पण मी वाचनालयात कामाला आहे. पुस्तकांना कव्हरं घालता घालता आत काय आहे तेही बघते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तेव्हा सगळं लिहा. हाड मरतं म्हणजे काय? पेरणार म्हणजे काय? आणि त्यानंतर तुम्ही नीट चालणार की नाही?

तुमची वहिनी

९ जानेवारी

तीर्थरूप वहिनी,

नमस्कार. रागावू नका. सांगण्यासारखं झालं की सांगणारच होतो.

मांडीचं हाड वर जिथे कमरेत बसतं तिथे चेंडूसारखा गोळा असतो. माझ्या डाव्या बाजूच्या गोळ्याला रक्त पोचेनासं झालंय, म्हणून आतून हाड मरतंय. पण गोळा अजून गोल आहे, आणि डॉक्टरीणबाईंच्या मते सगळं त्यावरच आहे. गोळा एकदा बसला, चेपला, की धातूचा सांधा घालायचा. बसायच्या आत गाठलं तर हाड वाचू शकतं. 'शकतं' हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला, म्हणून मीही लिहितो.

करतात काय, तर कमरेच्या मागच्या हाडात सुई घालून मगज काढतात. तो यंत्रात गरगर फिरवला की त्यातल्या मूलपेशी वेगळ्या निघतात. मूलपेशी म्हणजे अजून काहीच न झालेल्या पेशी. जिथे जातील तिथलं काम शिकतील अशा. नवीन लग्न होऊन आलेल्या सुनेसारख्या, असं मी म्हणालो तर बाई हसल्या. मग गोळ्यात बारीक भोक पाडून त्या आत सोडतात. माझंच बी, माझ्याच शेतात. पुढे आठ आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही, कुबड्या. दोन फेब्रुवारी ठरली आहे.

बाईंनी खोदून खोदून विचारलं, दारू? नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या? नाही. अपघात? नाही. शेवटी कागदावर लिहिलं, 'कारण सापडत नाही'. होतं म्हणे असंही.

काळजी करू नका.

आपला,
भाऊजी

१४ जानेवारी

प्रिय भाऊजी,

'कारण सापडत नाही' हे वाचून मी दोन दिवस पुस्तकं शोधली. आमच्या ग्रंथपालबाईंनी दुसऱ्या वाचनालयातून एक जाडजूड मागवून दिलं. शब्दकोश शेजारी ठेवून बसले. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला एका पानाला एक दुपार लागते, पण पान उलटतंच.

त्यात तुम्ही लिहिलेली तीन कारणं आहेत. खाली बारीक अक्षरात चौथं आहे. खोल पाण्यात काम करणारी माणसं. खाली असताना हवा रक्तात मुरते. ठरलेल्या ठिकाणी थांबत थांबत वर आलं तर ती हळूहळू निघून जाते. एकदम वर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे होतात आणि हाडातल्या बारीक वाहिन्या बंद पडतात. ते हाड लगेच बोलत नाही. वर्षांनी बोलतं.

तुम्ही डॉक्टरीणबाईंना सांगितलंत का, की तुम्ही बारा वर्षं धरणाचे दरवाजे साफ करायला पाण्यात उतरत होता? की धंदा म्हणून 'पंपदुरुस्ती' लिहून मोकळे झालात?

तुम्ही एकदम वर आला असाल असं मला म्हणायचं नाही. तुम्ही नियमाचे पक्के. ते मला चांगलंच ठाऊक आहे. यांची पाण्यात उतरल्याच्या नोंदींची वही माझ्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर ते गेले त्या दिवसाचं लिहिलंय, तळ सोडला १०.५२, पाण्यावर ११.२८. मध्ये तीन थांबे. छत्तीस मिनिटं.

भाऊजी, इतकी वर्षं जे बोलले नाही ते आता लिहिते, कारण कागदाला तोंड दिसत नाही. तुम्ही सांगितलंत की दादा खालीच गेले, लगेच, त्रास झाला नाही. मानलं. पण गेलेल्या भावाला हातात धरून छत्तीस मिनिटं कोण थांबतं? कदाचित धुगधुगी असेल, वर नेलं तर वाचेल, असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही? आणि खांदा देताना वीस पावलांत तुम्ही बाजू बदललीत. मी फाटकातून पाहत होते. मनात म्हटलं, याला तेवढंही ओझं होतंय.

लिहून टाकलं. आता डॉक्टरीणबाईंना पाण्याचं सांगा. थोडासा नियम कधीतरी चुकला असेल तर तेही सांगा.

आणि एक. तुमच्या पत्रातल्या ओळी उजवीकडे खाली उतरतात. पूर्वी तुमचं अक्षर फूटपट्टीवर ठेवल्यासारखं असायचं.

वहिनी

१८ जानेवारी

तीर्थरूप वहिनी,

नमस्कार. जुनं उकरून काय मिळणार? ऑपरेशन ठरलंय, सुई कुठे घालायची ते ठरलंय. कारण कळल्याने हाड जिवंत होणार आहे का?

मी नियमाने वर आलो. वहीत आहे.

पडून लिहितो, म्हणून ओळ उतरते.

भाऊजी

२२ जानेवारी

भाऊजी,

तुमचं एवढंसं पत्र मी चारदा वाचलं. मग कपाटातून वही काढली.

नऊ वर्षांत ते शेवटचं पान मी किती वेळा पाहिलं असेल, मोजदाद नाही. त्याआधीची पानं मात्र कधी नीट पाहिली नव्हती. ती सगळी पेन्सिलीने लिहिलेली आहेत, वेडीवाकडी, ओल्या हातांचे डाग, कुठे कागद फुगलेला, कुठे फाटलेला. तराफ्यावर बसून, पाणी ठिबकणाऱ्या माणसांच्या मधे लिहिलेली पानं आहेत ती. शेवटचं पान शाईचं. सरळ, कोरडं. पाण्याचा एक थेंब नाही त्यावर. आजवर हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो हा.

वही घेऊन घड्याळकाकांकडे गेले. तराफ्यावर बसून तुमची दोरी धरणारा आणि वेळ लिहिणारा माणूस तो. आता हात थरथरतात, कप बशीसकट वाजतो. मी ते पान त्यांच्यासमोर उघडून ठेवलं. 

मग म्हणाले, "पोरी, हे पान मी दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून लिहिलं. धाकट्याने हात जोडले म्हणून."

"मग खरं काय?"

"चार झटके आले, मी ओढत सुटलो. दोरी कुठे थांबलीच नाही. मधेच एक आला. एकच. तो कुणाचा, मला आजवर कळलं नाही. बाकीचं त्याला विचार. मी दोरीच्या वरच्या टोकाला होतो."

तेव्हा आता खालच्या टोकाला विचारते आहे. काय झालं?

आणि उत्तर द्यायच्या आधी हे वाचा. पुस्तकात म्हटलंय, पाण्याने मारलेलं हाड बहुधा एकटं नसतं. खुबे, खांदे, गुडघे, एकाच वेळी आणि चोरपावलांनी. तुमची ओळ उतरते कारण उजवा हात उचलत नाही. पडून लिहिता म्हणे! पडून लिहिणाऱ्याची ओळ वर चढते, मी करून पाहिलं. तुमचा उजवा खांदा दुखतो आहे आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसला आहात. त्याच खांद्यावर आठ आठवडे कुबडी टेकणार? खुबा वाचवायला खांद्याचा चुरा करणार? मग पंपाचा नट कशाने फिरवाल, दातांनी?

वहिनी

२७ जानेवारी

वहिनी,

तुम्ही विचारलंत, सांगतो.

दादाची हवेची नळी दरवाज्याच्या तारेत अडकून फाटली. पस्तीस मीटर खाली. पाणी इतकं गढूळ की मला आधी त्याचा हात लागला, मग तोंड. तो जिवंत होता. मी माझी नळी त्याच्या तोंडात दिली. दोन श्वास त्याला, दोन मला. हे आम्ही शंभर वेळा घोकलेलं होतं. त्याने घेतले. मला परत दिली. पुन्हा घेतले. मग तो परत द्यायचा विसरायला लागला, मग घ्यायचाच विसरायला लागला. मी चार झटके दिले.

वर येताना दोरीला जिथे थांबायचं तिथे लाल फडकं बांधलेलं असतं. अशी तीन. पहिलं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. थांबलो असतो तर हवेच्या एका टाकीत दोघं किती वेळ पुरलो असतो, हा हिशेब मी तेव्हा केला नाही. खोटं कशाला सांगू. माझ्या डोक्यात फक्त 'वर' एवढंच होतं. दुसरं गेलं. तिसरं गेलं.

तराफ्यावर घेतलं तेव्हा त्याचा श्वास चालू होता. मग तोंडातून फेस आला आणि थांबला. घड्याळकाकांनी छाती दाबली, मी दाबली.

वहिनी, त्याला पाण्याने मारलं की मी एकदम वर आणलं म्हणून तो गेला, हे मला माहीत नाही. तुम्हाला काय सांगायचं? 'जिवंत होता आणि मी घाई केली', हे? त्यापेक्षा 'लगेच गेला, त्रास झाला नाही' हे सोपं. पण लगेच गेला म्हटल्यावर घाईचं कारण उरत नाही, म्हणून पान शांतपणे वर आल्यासारखं लिहून घेतलं. मला वाटलं तुम्हाला त्याने धीर येईल. त्या छत्तीस मिनिटांनी तुम्ही इतकी वर्षं मला तोलत होता, हे मला या महिन्यात कळलं.

खांदा. त्या दिवसापासून आठ दिवस दोन्ही खांदे आणि खुबा पेटल्यासारखे ठणकत होते. एकदम वर येणाऱ्याचं हेच होतं. दवाखान्यात गेलो असतो तर पान खोटं पडलं असतं. उजवा टेकवला तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून बाजू बदलली. ओझं दादाचं नव्हतं.

आता हाड मेलं, तर मनात काय आलं ते लिहितो. ठीक झालं, असं आलं. त्या दिवसाचं काहीतरी माझ्या अंगावर शिल्लक राहायलाच हवं होतं. बाईंनी कारण विचारलं तेव्हा सांगायचं जिवावर आलं. खांद्याचंही म्हणूनच बोललो नाही. जाऊ दे जिथे जायचंय तिथे.

एक तारखेला दाखल होतोय.

भाऊजी

१ फेब्रुवारी, सकाळ

भाऊजी,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. तुमच्या वॉर्डाबाहेर हिरवा बाक आहे, त्याचा एक पाय लंगडा आहे, त्यावर बसून लिहिते आहे. परिचारिकाबाई आत नेऊन देतील. त्यांनी विचारलं, "आत जाऊन बोला की." मी म्हटलं, "समोर बसले की आम्ही दोघं हवापाण्याचं बोलतो."

तुमचं पत्र पोचलं आणि मी पिशवी भरली. सहा तास बसमध्ये ते पत्र मांडीवर होतं. पुन्हा उघडलं नाही.

डॉक्टरीणबाई मला आत्ताच जिन्यात भेटल्या. मी तुमचं नाव घेतलं नाही. नुसतं विचारलं, बुडणाऱ्या माणसाला एकदम वर आणलं तर तो त्याने जातो की पाण्याने? त्या थांबल्या. म्हणाल्या, "सांगता येत नाही, आजी. खाली ठेवला असता तर मात्र नक्कीच गेला असता." मला आजी म्हणाल्या! पण सरळ उत्तर देणारी बाई आहे. तिच्याशी खोटं बोलू नये.

आता माझं ऐका. मी तुमच्यावर रागावले होते ते तुम्ही थांबलात म्हणून. रोज भांडी घासताना, कव्हरं घालताना, मनातल्या मनात विचारायची, याने घाई का नाही केली? आणि तुम्ही केली होती. स्वतःच्या हाडांची काडं करून केली होती. आता तुम्ही म्हणता, घाई केली म्हणून रागवा. ते मला जमत नाही. मी शोधलं, दुसरा राग माझ्याकडे नाही. होता तो त्या कोरड्या पानावर खर्च झाला.

ते गेले हे मी रोज सकाळी उठून मान्य करते. दात घासण्यासारखं आहे ते. आज केलं म्हणून उद्याचं सुटत नाही. पण त्यांच्याबरोबर तुमचा एक खुबा आणि एक खांदा पाठवायचा, हे कुणी ठरवलं? त्यांनी मागितला होता? त्यांनी स्वतःचा हातमोजासुद्धा कधी कुणाला मागितला नाही.

तुझ्या शाळेच्या चड्डीला मी ठिगळं लावली आहेत. तेव्हा अहो-जाहो आता बाजूला ठेवते. बाई दहा वाजता फेरीवर येतात. पाणी, तो दिवस, खांदा, तिन्ही सांग. मगज एकदाच काढणार आहेत. खांद्यालाही लागणार असेल तर त्यांना आजच कळायला हवं, उद्या टेबलावर नाही. तू नाही सांगितलंस तर सव्वादहाला मी आत येऊन सांगेन, आणि मी सांगायला लागले की सातवीपासून सांगते, हे तुला माहीत आहे.

बाकावर आहे.

वहिनी

(त्याच कागदाच्या मागे, पेन्सिलीने)

सांगितलं. रागावल्या. उद्याचं रद्द केलं. म्हणाल्या आधी सगळे सांधे स्कॅन करणार, मग तारीख देणार. उजवा खांदा दाबला तेव्हा मी ओरडलो, ते बाहेर ऐकू आलं असेल.

वहिनी, आत या ना.

६ मे

तीर्थरूप वहिनी,

नमस्कार. काल ऑपरेशननंतरचं तिसऱ्या महिन्याचं स्कॅन झालं. आधी तेच सांगतो, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणार नाही. खुब्याचा गोळा गोल आहे. आतल्या काळ्या भागाच्या कडेला करडी रेघ दिसते. ते नवीन हाड असू शकतं. 'शकतं' या वेळी एकदाच म्हणाल्या. खांद्याचं एवढं चांगलं नाही. तिथेही पेरलं, पण आधीच थोडा खळगा पडला होता. तो वाढलेला नाही, भरलेलाही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहणार. वर्षभर थांबलो असतो तर दोन्ही गेले असते, हे त्यांनी मला पुन्हा एकदा सुनावलं. कुबड्या दिल्या नाहीत ते बरं झालं. आठ आठवडे सरले तरी बाई अजून उठू देत नाहीत, चाकांच्या खुर्चीत बसून पंप उघडतो. गिऱ्हाइकं म्हणतात, मालक झालास!

तुम्ही जाताना दादाची वही माझ्या उशाशी ठेवून गेलात आणि म्हणालात, "कोरडं पान मला नको." तीन महिने ती तशीच होती. काल स्कॅनहून आल्यावर उघडली. शाईचं पान फाडलं नाही, काकांनी माझ्यासाठी लिहिलं होतं ते. त्याच्या समोरच्या कोऱ्या पानावर, हात ओला करून, पेन्सिलीने लिहिलं:

उतरलो १०.१०. दोघं.
खोली ३५ मीटर.
दादाची नळी फाटली १०.४९.
तळ सोडला १०.५२. दोरीला चार झटके, माझे.
थांबे घेतले नाहीत.
पहिल्या फडक्यापाशी दोरीला एक झटका. दादाचा.
पाण्यावर १०.५४.

तो एक झटका मी तुम्हाला त्या पत्रात लिहिला नव्हता. काकांना वर जाणवला, कुणाचा ते कळलं नाही. माझा हात दोरीवर होता, त्याचा माझ्या हातावर. लाल फडकं समोरून जात होतं, त्यालाही दिसलं असणार की आपण थांबत नाही आहोत. त्याने माझा हात दाबून दोरी ओढली. एकदा. मी इतकी वर्षं समजत होतो, तो मला थांब म्हणत होता. पण थांबायची खूण एक झटका नाही, वहिनी. ती तीन. दादा खुणा चुकणारा नव्हता.

वही पोस्टाने पाठवतोय.

भाऊजी

१२ मे

भाऊजी,

वही पोचली. पान ओलं करून लिहिल्याने कागद फुगला आहे, आता ती कपाटात नीट बंद होत नाही. राहू दे तशीच.

तो एक झटका मी पाहिला. त्याबद्दल काही लिहीत नाही. संध्याकाळी घड्याळकाकांकडे वही नेली, त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मग मी बरोबर ओढत होतो." एवढंच म्हणाले. त्या दिवशी कप वाजला नाही.

खुबा गोल आहे, हे वाचनालयात ग्रंथपालबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुणाचा?" त्यांना वाटलं मी कुठल्या कादंबरीचं सांगते आहे. खांद्याचं मी त्या जाड पुस्तकात पुन्हा वाचणार आहे, ते परत द्यायची तारीख वाढवून घेतली.

तुमच्या या पत्रातली ओळ अजून उतरते, पण मागच्यापेक्षा कमी. मी फूटपट्टी लावून पाहिली.

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठा म्हणतील तेव्हाच उठा. कुबडी नाहीच. आधी भिंत धरून, मग अंगणापर्यंत, मग दुकानापर्यंत. या वेळी प्रत्येक थांब्यावर थांबा. घाई नाही कुणाला. दोरी माझ्या हातात आहे.

तुमची वहिनी